चपटी

‘चपटी’ या शब्दाला आमच्या मराठवाड्यात एकच अर्थ आहे, आणि तो सहसा पँटच्या मागच्या खिशातून घरात येतो. त्यामुळे आमच्या पुतण्याने भर दिवाणखान्यात, आजीच्या हार घातलेल्या फोटोसमोर उभं राहून, “काका, मला चपटी घ्यायची आहे, ४,८०० ला पडते,” असं जाहीर केलं तेव्हा वहिनींच्या हातातली पोह्यांची बशी हातातच राहिली. अण्णांनी, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनी, वर्तमानपत्र खाली केलं. एवढ्या पैशात एक चपटी नव्हे, निम्मं खोकं येईल, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण अशा वेळी भाव माहीत असणं हाच गुन्ह्याचा पुरावा धरला जातो, म्हणून मी मुकाट्याने चहा प्यालो.

खुलासा पाच मिनिटांनी झाला. चपटी म्हणजे चपटी तार. इंग्रजीत फ्लॅटवाउंड. आमचा पुतण्या बेस गिटार वाजवतो. आमच्याकडे खेड्यात ‘बेस’ म्हणजे उत्तम, फक्कड. ‘बेस झालं बघा’ असं म्हणतात. त्यामुळे पोरगा बेस वाजवतो हे कळल्यावर आमच्या गावाकडच्या नातेवाइकांना वर्षभर त्याचा फार अभिमान वाटत होता. पुढे त्यांनी प्रत्यक्ष कार्यक्रम पाहिला आणि, “समदे वाजवत व्हते, तुमचं पोरगं नुसतं गिटार धरून उभं व्हतं,” असा निरोप आला.

यात त्या बिचाऱ्यांची चूक नाही. बेस गिटारचा धर्मच तो आहे. चार जाड तारा; त्यातल्या सगळ्यांत जाडीचा सूर सेकंदाला ४१ कंपनांचा. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला एवढा खोल सूर पेलतच नाही. पुतण्या आपल्या कार्यक्रमाची चित्रफीत नातेवाइकांना पाठवतो तेव्हा त्यात बाकीचे सगळे ऐकू येतात आणि हा फक्त दिसतो. लोकांच्या लक्षात गाणारी राहते, तिच्या साडीचा रंग राहतो, ढोलकीवाल्याची मान राहते. बेसवाला लक्षात राहतो तो एकदाच, तो चुकतो तेव्हा. आम्ही बँकेत कॅशला बसणारी माणसं हे दुःख ताबडतोब ओळखतो. बावीस वर्षांत माझं काउंटर बरोबर जुळलं म्हणून कुणी टाळी वाजवल्याचं मला आठवत नाही.

तर तारा. तारांचं शास्त्र पुतण्याने मला समजावलं आणि ते मला पटकन समजलं, कारण मी जालन्याचा आहे. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण जुनी झाली. आता पाळण्यात सोन्याऐवजी सळई झोपते. आमच्या एमआयडीसीत बांधकामाच्या सळया होतात, आणि सळई दोन प्रकारची असते हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. जुनी गुळगुळीत आणि नवी कंगोऱ्यांची. कंगोरे असले की सिमेंट धरून ठेवतं. तारेचंही तसंच. मध्ये पोलादाची बारीक तार, तिच्यावर दुसरी तार गुंडाळलेली. गुंडाळलेली तार गोल असली की वरून कंगोरे येतात. नख फिरवलं तर करवतीसारखा आवाज होतो. ही गोल तार, राउंडवाउंड. तिचा नाद खणखणीत, झगझगीत, स्टीलच्या ताटलीसारखा. आणि गुंडाळायला गोल तारेऐवजी चपटी पट्टी घेतली की वरून सगळं गुळगुळीत. बोट सरकलं तरी ‘च्युंईं’ होत नाही. ही चपटी. तिचा नाद बसका, गोल, ठोक्याला ‘ढुंम्’ म्हणून लगेच गप्प बसणारा. खरं तर आधी चपटीच होती. लिओ फेंडरने अमेरिकेत १९५१ साली प्रिसिजन बेस काढला तो पुरुषभर उंचीच्या डबल बासला पर्याय म्हणून, आणि त्यावर तारा गुळगुळीतच होत्या. झगझगीत गोल तार साठच्या दशकात इंग्लंडात जोरात आली. ‘द हू’ या बँडच्या जॉन एंटविसलला आपला बेस सगळ्यांना ऐकू जावा असं वाटत होतं, आणि रोटोसाउंड कंपनीने तशा तारा त्याला करून दिल्या. त्याला वाटलं यात नवल नाही. नवल आमच्या पुतण्याचं आहे. त्याला त्याच्या बेसवर असलेल्या गोल तारा काढून चपट्या लावायच्या आहेत. म्हणजे आहे तो आवाज कमी करायचा आहे, आणि त्यासाठी दुपटीहून जास्त पैसे द्यायचे आहेत.

अण्णांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. अण्णांचं बी-बियाणांचं दुकान आहे, त्यांना ऐकून घ्यायची सवय आहे.

“म्हणजे आत्ता तू थोडाफार ऐकू येतोस.”

“हो बाबा.”

“आणि चार हजार आठशे दिले की येणार नाहीस.”

“तसं नाही बाबा. वेगळा येईन. गाण्यात मिसळून.”

“मिसळून म्हणजे ऐकू न येता.”

पुतण्या गप्प. मग त्याने आपला हुकमाचा पत्ता काढला. अमेरिकेत डेट्रॉइटला जेम्स जेमर्सन नावाचा बेसवाला होऊन गेला, मोटाउन कंपनीच्या शेकडो गाण्यांत तो वाजला, त्याच्या बेसवर ला बेला कंपनीच्या जाड चपट्या तारा असत, आणि एकदा लावल्या की तुटेपर्यंत तो त्या बदलत नसे.

“बदलत नसे?” अण्णांनी चष्मा काढला. “एवढा मोठा वाजवणारा तारा बदलत नाही, मग तू कशाला बदलतोस?”

इथे वाद संपायला हरकत नव्हती. पण पुतण्याने जाता जाता तिसऱ्या जातीच्या तारेचा उल्लेख केला. तार गोलच गुंडाळायची आणि मग वरून घासून अर्धी सपाट करायची, म्हणजे दोन्हींच्या मधलं काहीतरी. वहिनी लगेच म्हणाल्या, “मग ती मधली घे ना.” आपल्या वर्गाचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आहे. मधला डबा, मधला भाव, मधलं बोट. आम्ही साडीच्या दुकानात मधल्या ढिगातली साडी घेतो आणि हॉटेलात मेनूकार्डाच्या मधल्या ओळीवर बोट ठेवतो. पुतण्या मात्र, “मधली नको, आई,” म्हणाला आणि आत निघून गेला. त्या ‘नको’मध्ये असं काही होतं की मी चार दिवस त्याचा विचार करत राहिलो.

कारण प्रश्न तारेचा नव्हता. प्रश्न असा, की जे कुणाला कळणार नाही ते चांगलं का करायचं? आमच्याकडे याचं उत्तर तयार आहे, आणि तेही प्रश्नाच्या रूपात: जंगल में मोर नाचा, किसने देखा? जालन्याच्या कुठल्याही पानटपरीवर हे वाक्य दिवसातून दहा वेळा ऐकू येतं आणि त्यावर मोराच्या बाजूने कुणी बोलत नाही. मी मोराच्या बाजूने विचार करून पाहिला. वेरूळ आमच्यापासून काही लांब नाही. कैलास लेण्यात मंडपाच्या छतावर कमळ आहे आणि त्याच्याभोवती सिंह आहेत. खाली उभं राहून मान कितीही मोडली तरी ते दिसत नाहीत. मागच्या डोंगरावर चढावं लागतं. आठव्या शतकात तो सिंह कोरणाऱ्याला मुकादमाने विचारलं असेलच की, “एवढी आयाळ कशाला? वर कोण बघतंय?” हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, “तिथे वरून देव बघतो. लग्नाच्या रिसेप्शनला कोण बघतं?” अण्णा वादात नेहमी असं करतात. देवाला मध्ये आणतात आणि लगेच बाहेर काढतात.

मी कॉमर्सचा पदवीधर. गीतेतला निष्काम कर्मयोग आमच्या अभ्यासक्रमात नव्हता; आम्हाला द्विनोंदी पद्धत होती. पण ही पद्धत १४९४ साली पहिल्यांदा छापून काढणारा लुका पाचोली हा इटालियन गृहस्थ स्वतः संन्यासी होता, तेव्हा तिच्यातही थोडं अध्यात्म असणारच. तिचा नियम एवढाच: कुठेही नावे पडलं की कुठेतरी जमा झालंच पाहिजे. पैसा हवेत विरत नाही. ताळा लागला नाही तर जमेची बाजू शोधत बसायची, रात्रीचे नऊ वाजले तरी. मला वाटू लागलं की पुतण्याच्या तारेचा हिशेब चुकतोय तो इथेच. त्याच्या नावे पडलेली रक्कम आपल्याला दिसते. ती जमा कुठे होते ते आपण शोधत नाही.

त्या जेमर्सनचंच घ्या. मोटाउनची गाणी साऱ्या जगात वाजत होती तेव्हा तबकडीच्या वेष्टनावर गाणाऱ्याचं नाव असे, लिहिणाऱ्याचं असे. वाजवणाऱ्यांची नावं १९७१ सालच्या मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’पर्यंत येतच नव्हती. १९८३ साली कंपनीच्या पंचविशीचा मोठा सोहळा झाला. जेमर्सन तिथे गेला तो तिकीट काढून, प्रेक्षकांत मागे बसायला. त्याच वर्षी तो वारला. रॉक अँड रोलवाल्यांच्या कीर्तिमंदिरात त्याचं नाव लागलं ते २००० साली. जमा झालं, पण सतरा वर्षं उशिरा, आणि खातेदार हयात नसताना.

लांब कशाला जायचं? आपल्या हिंदी सिनेमाचं संगीत ज्यांच्या हातांनी वाजलं त्यांतले कितीतरी गोव्याचे. राहुलदेव बर्मनच्या गाण्यांवर आपली एक पिढी नाचली, त्यांत बेस गिटार वाजवणाऱ्या टोनी वाझ यांचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होतं? आणि अँथनी गोन्साल्विस! माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवाला प्यारेलालचा गुरू. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’त शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं. सगळ्या भारताने ते नाव पाठ केलं, लग्नाच्या वरातींत बँडवाल्यांनी ते वाजवून वाजवून झिजवलं, आणि आजही कुणालाही विचारा, अँथनी गोन्साल्विस म्हणजे अंड्यातून बाहेर येणारा अमिताभ बच्चन. याला आमच्या भाषेत चुकीच्या खात्यावर जमा होणं म्हणतात. फक्त इथे तक्रार करायला खातेदार काउंटरवर येत नाही.

इतकं झाल्यावर मी एक व्यवहारी गोष्ट केली. कागद घेतला आणि घसारा काढला. घसारा हा शब्द आमच्या शास्त्रात फार प्रेमाचा, आणि इथे तर तो दोन्ही अर्थांनी लागू. गोल तारेच्या कंगोऱ्यांत घाम आणि मळ बसतो, तिची चमक काही महिन्यांत उतरते, शिवाय ती गिटारच्या पट्ट्या खाते. पुतण्या दर पाच-सहा महिन्यांनी अठराशे रुपयांचा नवा संच आणतो. चपटीला मुळात चमकच नाही, तर उतरणार काय? ती वर्षानुवर्षं चालते. म्हणजे दीड वर्षात पैसे वसूल, पुढे निव्वळ नफा. मी हा तक्ता अण्णांपुढे ठेवला. अण्णांनी तो दोनदा वाचला आणि, “असं आधी सांगायचं की,” म्हणून पाकीट काढलं.

आणि पुतण्या म्हणाला, “काका, ती स्वस्त पडते म्हणून नकोय मला.”

“अरे, पण पडते ना?”

“पडते. पण नसती पडली तरी मला तीच हवी होती. तुम्ही असं सांगून घेऊन दिलीत, तर उद्या कीबोर्डवाला डाव्या हाताने फुकटात बेस वाजवतो म्हटल्यावर बाबा म्हणतील, मग तुझीही गरज नाही.”

अण्णांचं पाकीट परत खिशात गेलं.

ही कीबोर्डची गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा कळली. त्यांच्या ऑर्केस्ट्राच्या मालकांनी तसं बोलून दाखवलं होतं. गाडीत एक माणूस कमी, रात्रीचे पंधराशे रुपये कमी, आणि ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. लग्नवाल्यांना ‘दण्ण’ आवाज हवा असतो, तो डीजेच्या डब्यातून येतोच. वरातीच्या वाटेवरच्या घरांच्या काचा त्याची साक्ष देतील. गावभर बेस थडथडतोय आणि बेसवाल्याला काम नाही, असा हा चमत्कार आहे. म्हणजे पोराची नोकरी जाण्याच्या बेतात होती आणि तो अशा वेळी जास्त जोरात वाजवून आपण आहोत हे दाखवण्याऐवजी, आणखी मिसळून जायच्या तारा मागत होता. मी त्याच्या जागी असतो तर गोल तारा ठेवल्या असत्या आणि वर एक भोंगाही लावला असता.

हिशेब जुळला म्हणजे नीतीचा प्रश्न सुटला असं आम्हा बँकवाल्यांना वाटतं. तो सुटत नाही, फायलीत जातो. पुतण्याला ४,८०० रुपयांची मंजुरी नको होती. त्याला कुणीतरी हे म्हणायला हवं होतं की आहे, फरक आहे. आणि हे म्हणायचं तर आपल्याला तो फरक ऐकू यायला नको का?

मला तो माझ्या पद्धतीने ऐकू आला, आमच्या शाखेच्या रेकॉर्ड रूममध्ये. झालं असं, की एक आजीबाई आल्या, पिशवीत वितळायला आलेली एक मुदत ठेवीची पावती घेऊन. पावती १९८६ ची, यजमानांच्या नावावर, यजमान कधीच गेलेले. दहा वर्षं कुणी हात न लावलेली रक्कम २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. त्या निधीचं इंग्रजी नाव लांबलचक आहे, बँकेत आम्ही त्याच्या अद्याक्षरांवरून त्याला ‘डेफ’ म्हणतो. डेफ म्हणजे बहिरा. नाव कुणी ठेवलं देव जाणे; पण पैसे परत मागता येतात, वारसाने ओळख पटवली की मिळतात. ओळख पटवायची कशी? पावतीवर नाव अर्धं, सही पुसलेली. मग मी धुळीत बसून जुनी लेजरं उपसली. आणि सापडलं. खातं उघडताना ज्याने नोंद केली होती त्या कारकुनाने वळणदार अक्षरात वडिलांचं नाव, गाव, तालुका, पत्नीचं नाव, एवढंच काय ‘डाव्या हनुवटीवर तीळ’ हेसुद्धा लिहून ठेवलं होतं. एवढं लिहायची काही गरज नव्हती. शेजारच्या पानांवर दुसऱ्या कुणाच्या हातच्या नोंदी होत्या, त्यांत नाव आणि रक्कम, संपलं. दोघांना पगार सारखाच असणार. आजीबाईंचं काम झालं. त्यांनी जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि तोंडभर आशीर्वाद दिला. तो मी घेतला. तोही चुकीच्या खात्यावरच जमा झाला, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या कारकुनाचा पत्ता आता पेन्शन विभागाकडेही नाही.

घरी येऊन हे मोठ्या रंगात सांगितलं. सौ. भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, “रोजच्या वरणात हिंग असतो, तुम्हाला कधी ऐकू आला?” मी म्हटलं, हिंग ऐकू कसा येईल? “नसला की येतो ना ऐकू. लगेच ओरडता.” आणि मग, पालकाची एक जुडी संपवून, “आमच्या हिंगासाठी कुणी चार हजार आठशे मंजूर केल्याचं बघितलं नाही मी अजून.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. कारण न दिसणाऱ्या कामाचा महिमा गाणारे बहुतेक वेळा ते काम दुसऱ्याकडून करून घेणारे असतात. मालकाला नोकराचा निष्काम कर्मयोग फार आवडतो. ‘तुझं काम लोकांना कळत नाही, यातच त्याचं मोठेपण आहे,’ हे स्वतःच्या मनाशी म्हणणं वेगळं आणि पगार वाटताना दुसऱ्याला म्हणणं वेगळं. एकाला साधना म्हणतात. दुसऱ्याला शुद्ध मराठीत शब्द आहे, पण तो छापता येत नाही. पुतण्याला गप्प राहून वाजवायचं आहे तर वाजवू दे, पण मालकांनी त्याचे पंधराशे द्यायलाच हवेत. आणि सौ.च्या बाबतीत मी, विषय निघाल्यावर, दुसऱ्या दिवशी हिंगाची मोठी डबी आणली. तिने ती माझ्याकडे अशी पाहत फडताळात ठेवली की मी मुद्दा समजलेला नाही हे माझ्या लक्षात यावं.

अण्णांशी शेवटचं बोलणं त्यांच्या दुकानात झालं. खरिपाच्या आधीचे दिवस. आमचं जालना बियाणांचं गाव. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, ही इथल्या प्रत्येक दुकानदाराच्या छातीत असलेली गोष्ट आहे. एक शेतकरी कपाशीच्या दोन पाकिटांकडे पाहत उभा होता. एक चकचकीत, त्यावर हसरा नट. दुसरं साधं. अण्णा त्याला साधं घ्या म्हणत होते. चकचकीत पाकिटावर अण्णांना दलाली जास्त होती. मला आकडे माहीत आहेत, त्यांचं खातं आमच्याच शाखेत आहे. शेतकरी साधं पाकीट घेऊन गेला.

मी विचारलं, “अण्णा, त्याला काय कळणार होतं यातलं?”

“आत्ता नाही कळत. बी पेरल्यावर कळतं.”

“आणि तेव्हाही तो म्हणणार, पाऊस चांगला झाला.”

“म्हणू दे की,” अण्णा म्हणाले. मग बराच वेळ ते काट्यावरची धूळ पुसत राहिले. काटा स्वच्छ होता.

तारा आल्या. कुठून तरी मुंबईहून, कुरिअरने, पातळ चौकोनी पुडक्यात. पैसे अण्णांनी दिले, आणि घसाऱ्याच्या तक्त्याचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. पुतण्याने त्या लावल्या त्या दिवशी घरात एखादं उपकरण बिघडल्यासारखी शांतता वाटत होती. आधी भिंतीपलीकडून ‘च्युंईं’ यायचं ते बंद झालं. शेजाऱ्यांनी विचारलं, “पोरगा बाहेरगावी गेलाय का?”

नवरात्रात त्यांचा अंबडला कार्यक्रम होता, मत्स्योदरी देवीच्या यात्रेच्या दिवसांत. अण्णांना अंबडला उधारी वसूल करायची होती, म्हणून आम्ही दोघे गेलो. म्हणजे तसं ठरलं होतं. उधारीवाला घरी नव्हता. आम्ही मागच्या खुर्च्यांवर बसलो. गाणारी मुलगी नवीच होती, अठरा-एकोणीसची, पहिल्या कडव्यात घाबरलेली, दुसऱ्यात सावरलेली. तिच्या आवाजाला खालून कुणीतरी हात धरून चालवत असल्यासारखं वाटत होतं, आणि ती जिथे थांबे तिथे तोही थांबे. पुतण्या मागे उभा होता, दिव्याच्या बाहेर, गिटार धरून. गावाकडचे नातेवाईक म्हणाले होते तसाच.

परत येताना बसमध्ये अण्णा म्हणाले, “ती पोरगी बरी गायली आज.”

मी काही बोललो नाही. पुतण्या सामान लादून मागाहून पहाटे येणार होता. त्याला हे सांगायचं की नाही याचा मी बराच वेळ विचार करत होतो आणि मग मला झोप लागली.

मालकांनी त्याला अजून ठेवलं आहे. दिवाळीनंतर बघू म्हणाले आहेत. जुन्या गोल तारा वहिनींनी फेकू दिल्या नाहीत. त्यातली सगळ्यांत जाड त्यांनी गच्चीत दोन खिळ्यांना ताणून बांधली आहे आणि तिच्यावर पायपुसणी वाळतात. वारा सुटला की ती अजून झणझणते. अण्णा रात्री उठून तिच्यावर एक ओला टॉवेल टाकून येतात.